तुझ्या नावाने जाणारं उत्तर

वनिता,

मागच्या सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "रंजना, वनिताच्या मेलवर ऑटो रिप्लाय लावून टाक. तिला अजून मेल येतायत. समोरच्याला काही उत्तर जात नाही, बरं दिसत नाही ते."

"हो सर," मी म्हणाले आणि बाहेर आले. तुझ्या गावी, वैशाखऱ्याला, तुझ्या दहाव्याला जाऊन आले होते, तुझ्या फोटोसमोर हात जोडून आले होते, तरी तू गेलीस हे माझ्या आत कुठे पोचलं नव्हतं. साहेबांच्या त्या साध्या बोलण्याने ते पोचलं. आजवर तुझ्या मेलवर काय लावायचं ते तू ठरवायचीस, आणि त्यावरून माझ्याशी भांडायचीस. आता ते मी एकटीने ठरवायचं होतं.

ठरवायचं तरी काय म्हणा. एचआरच्या मुलीने तयार मजकूर पाठवला होता. इंग्रजीतली एक ओळ. अमुक व्यक्ती आता या कंपनीत कार्यरत नाही, यापुढे अमक्याशी संपर्क साधावा. नाव तेवढं बदलायचं. स्टोअरमधला तो उंच माणूस जास्त पगार मिळाला म्हणून भिवंडीला गेला, तेव्हा त्याच्या मेलवर हीच ओळ लावली होती. क्वालिटीतल्या एकाला भांडणावरून काढला, त्यालाही हीच.

मी तुझ्या खुर्चीत बसले. तुझा पासवर्ड टाकला, ती ओळ चिकटवली, तुझं नाव घातलं. एकदा वाचली आणि पुसून टाकली.

तुझं माझं पहिलं भांडण आठवतं का तुला? ऑटो रिप्लायच्या याच चौकोनावरून झालं होतं. तू डिस्पॅचला नवीन होतीस. मी परचेसला बरीच जुनी. आपली टेबलं पाठीला पाठ लावून. तू वैशाखऱ्याहून एसटीने यायचीस, मी इथे मुरबाडात सासरी, माहेर डोळखांबकडचं. तुला वाटायचं मी फार शिष्ट आहे, मला वाटायचं ही गावंढळ. दोघींचा गैरसमज पहिल्या चहापर्यंत टिकला. आणि मग भातकापणीला तू रजा टाकलीस. साहेबांचा नवा नियम आला होता, रजेवर जाताना प्रत्येकाने ऑटो रिप्लाय लावायचा. म्हणजे कुणी मेल केला की आपण नाही हे त्याला आपोआप कळतं. ते कसं लावायचं हे मी तुला दाखवत होते.

"खरं कारन लिवायचं ना हितं?" तू विचारलंस.

"नाही गं. रजेवर आहे, एवढंच लिहायचं."

"रजेवर म्हनलं तर लोकांना वाटंल मी लोळत पडलेय. मी काय लोळनार नाय. भात कापनार हाय."

"अगं, त्यांना काय करायचंय आपल्या भाताशी?"

"मग त्यांना माझ्या रजेशी तरी काय करायचंय?"

तुला हवं तेच तू लिहिलंस, तुझ्या इंग्रजीत. मी घरी भात कापत आहे, सोमवारी येईन, तोवर रंजनाला विचारा. तू शेतातल्या भातालाही शिजलेल्या भाताचाच 'राइस' लिहिलास, त्यामुळे आपल्या रबरी सील घेणाऱ्या हॉलंडच्या पीटरला काहीच उमगेना. त्याने मला विचारलं, ही भात सुरीने कापते का? साहेबांकडेही तो मेल गेला. साहेब चिडले, मग हसू लागले, मग परत चिडले. तू सोमवारी आलीस, हाताला विळ्याच्या मुठीचे घट्टे, आणि शांतपणे पीटरला फोटो पाठवलास. बांधावर तू, मागे कापून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्या. त्याने कळवलं की माझ्या वडिलांचीही शेती होती, फार वर्षांपूर्वी विकली. त्यानंतर दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला तो ऑर्डरच्या आधी तुझं पीक विचारायचा. मला कधी कुणी असं काही विचारलं नाही, कारण माझ्या मेलवर फक्त 'रजेवर' असायचं.

तेव्हापासून एक रीत पडली. तुझ्या ऑटो रिप्लायमध्ये माझं नाव, माझ्यात तुझं. आपण कधी ते बोलून ठरवलं नाही. माझ्या रजेत तू माझं टेबल सांभाळायचीस, तुझ्या रजेत मी तुझं. परत आल्यावर अर्धा दिवस एकमेकींच्या चुका काढण्यात जायचा.

पण रजा घ्यायची कशी, हे मला येत नव्हतं. ते तू मला शिकवलंस, आणि आरडाओरडा करून शिकवलंस. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शहापूरला होतं. मी ऑटो रिप्लाय लावून गेले आणि दवाखान्याच्या बाकावर बसून एकेका मेलला उत्तर देत राहिले. आई शेजारी, डोळ्यात थेंब घालून, डोळे मिटून बसलेली. तुझा फोन आला.

"रंजना, मशीन सांगतंय तू नाय, आन तुजंच उत्तर येतंय. मंग खोटं कोन, तू का मशीन?"

"दोनच मेल आहेत गं, तेवढे..."

"फोन पिशवीत टाक. आता मी हितं हाय ना? आईकडं बघ."

तू फोन ठेवून दिलास, आणि पुढचे मेल मी उघडायच्या आधी तू उत्तरं देऊन टाकलीस. माझं काही काम उरेना म्हणून मी खरोखर फोन पिशवीत टाकला. आईने डोळे मिटूनच विचारलं, "संपलं का गो तुझं आफिस?" मग ती बोलत बसली. तिच्या माहेरच्या नदीचं बोलली, लग्नात तिला नेसवलेल्या हिरव्या लुगड्याचं बोलली, जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तासभर तरी आम्ही दोघी बोललो असू. आई आता आहे, धडधाकट आहे, पण तशी ती पुन्हा बोललेली नाही. वनिता, तो तास तू मला दिलास. हे मी तुला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आले ती तुला म्हणाले, "वॉशरच्या बिलावर तारीख चुकवलीस."

आजाराचं तू मला मुरबाडच्या एसटी स्टँडवर सांगितलंस. संध्याकाळची माळशेजकडची गाडी लागायची होती. तू शेंगदाण्याची पुडी सोडत होतीस.

"पोटात गाठ हाय म्हनतात," तू म्हणालीस. "मुंबईला न्यावं लागंल. उद्या आपन माझं लावू."

काय लावायचं ते मला कळलं. बाकीचं कळायला वेळ लागला. गाडी आली, तू चढलीस आणि उरलेले शेंगदाणे खिडकीतून माझ्या हातात दिलेस.

दुसऱ्या दिवशी आपण तुझ्या कॉम्प्युटरसमोर बसलो. त्या चौकोनात दोन तारखा असतात. कधीपासून, कधीपर्यंत. पहिली टाकली. दुसरीपाशी मी थांबले.

"टाक ना," तू म्हणालीस. "पुढच्या म्हयन्याची एक."

"वनिता, ऑपरेशन आहे, पुढे औषधं आहेत. ही रिकामी ठेवता येते. काही बिघडत नाही. आलीस की आपण बंद करू."

"रिकामी नाय ठेवायची."

"अगं, पण..."

"रिकामी ठेवली तर मशीनला पन कळतं, ही बाई काय येत नाय."

मी हसले. तू हसली नाहीस. तारीख तू स्वतः टाकलीस.

पुढे ती तारीख बदलत राहिली. आधी तू मुंबईहून फोन करायचीस, नंतर घरून. "रंजना, जरा पुढं सरकव." मी तुझ्या टेबलाशी जाऊन सरकवायचे. एकदा मी पुन्हा म्हणून पाहिलं की सारखं बदलत बसण्यापेक्षा सोडून देऊ. तू इतकी चिडलीस की फोनवर धाप लागली तुला. "तुला तरास होतो का? तरास होत आसंल तर सांग, मी येऊन सरकवते!" मी म्हटलं, नाही गं बाई, त्रास कसला. आणि सरकवली. ते भांडण तिथेच अर्धवट राहिलं. मला अजून कळलेलं नाही, त्या तारखा तू कुणासाठी टाकत होतीस. तुझ्यासाठी? घरच्यांसाठी? की तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसणाऱ्या माझ्यासाठी? तुला विचारायचं होतं. विचारलं असतं तर तुला कळलं असतं की मला शंका आहे, म्हणून विचारलं नाही.

शेवटची भेट तुझ्या घरी. भात झोडून झालं होतं, खळ्यात पेंढा रचला होता, मागच्या शेतात वाल वर आला होता. तू पडवीत खाटेवर. किती बारीक झाली होतीस गं. तुझ्या सासूबाई शेजारी पेजेची वाटी घेऊन बसल्या होत्या. तू इतकी वर्षं त्यांच्या तक्रारी सांगितल्या होत्यास, घरचं टाकून कंपनीत जाते म्हणून त्या कशा बोलतात ते, की मला त्यांची भीतीच वाटायची. आणि त्या दिवशी त्या तुला एकेक चमचा भरवत होत्या आणि तू लहान मुलीसारखी तोंड फिरवत होतीस.

"पीटरचा कंटेनर गेला?" तू विचारलंस.

"गेला."

"वेळंवर?"

"वेळेवर."

मला म्हणायचं होतं, वनिता, तू नसतीस तर या ऑफिसला कंटाळून मी केव्हाच घरी बसले असते. मला म्हणायचं होतं, तू मला माझ्या आईशी बोलायला लावलंस. सासूबाई समोर होत्या, तुझा नवरा संतोषभाऊ दारात उभा होता, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं, की नवीन पॅकिंगची टेप चिकटत नाही, खोके उघडतात.

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, "जुन्या टेपवाल्याला फोन लाव. नवीन घेऊ नको सांगितलं होतं ना तुला."

निघताना तू माझा हात धरलास आणि बराच वेळ सोडला नाहीस. एवढंच. टेपवाल्याला फोन लावला मी, वनिता. आता खोके उघडत नाहीत.

तू टाकून घेतलेली शेवटची तारीख तू गेल्यावर काही दिवसांनी उलटली. ती उलटताच मशीन आपोआप गप्प झालं. म्हणून कुणाला उत्तर जात नव्हतं, आणि म्हणून साहेबांनी मला बोलावलं होतं.

ती तयार ओळ पुसून मी परत केबिनमध्ये गेले. एचआरची मुलगीही तिथे होती.

"सर, ही ओळ मी लावणार नाही."

"का? चूक आहे का काही?"

"वनिताने नोकरी सोडलेली नाही."

मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हे सगळ्यांनाच असतं. फॉर्मॅट आहे."

"सगळे जातात तशी ती गेलेली नाही. ती कंपनी सोडून कुठे गेली नाही. आजारी असताना सुद्धा तिची तारीख पुढे सरकवत होते मी, तुम्हाला माहीत आहे सर."

माझा आवाज चढला होता. साहेबांसमोर मी आजवर कधी आवाज चढवला नाही. तो चढवायची तू, आणि मी मागून तुझा पदर ओढायचे. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग काय लिहिणार? वारली असं लिहिणार? ऑर्डर विचारायला मेल करतात लोक. त्यांना एकदम असं..."

"खरं तेच लिहिणार."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. शेवटी म्हणाले, "घरच्यांना विचारलं आहेस का? त्यांना चालेल का, हे पहिल्यांदा बघ. आणि दोन-तीन ओळींच्या वर नको."

ते त्यांचं बरोबर होतं. म्हणून रविवारी मी वैशाखऱ्याला गेले. संतोषभाऊने चहा ठेवला. मी सांगितलं कशासाठी आलेय ते. त्याला मेल समजतो, पण तो नुसता कपाकडे बघत राहिला. सासूबाईंना सुरुवातीपासून समजावून सांगावं लागलं.

"म्हंजे तिला कोनी पत्र धाडलं, तर मशीन उत्तर देतं?"

"हो मावशी."

"तिच्या नावानं?"

"तिच्याच नावानं. पण लिहिणार मी."

"आन ती लोकं कुठली?"

"कुठली कुठली. पुण्याची, गुजरातची. परदेशातली पण."

त्या पदर सारखा करत राहिल्या. "एवढी लोकं तिला वळखत होती?" त्यांनी विचारलं. त्या विचारण्यात राग नव्हता, वनिता. मला वाटतं अचंबा होता, आणि थोडा तुझा अभिमानही.

"ओळखत होती मावशी. एक जण तर दर वर्षी तुमच्या भाताची चौकशी करायचा."

"आमच्या भाताची?"

मग मी त्यांना पीटरचं सगळं सांगितलं, सुरीपासून. संतोषभाऊला ते माहीत होतं, तो पहिल्यांदा हसला. सासूबाई हसता हसता रडायला लागल्या. मीही. तुझ्या घरात बसून आम्ही तिघं तुझ्या इंग्रजीवर हसलो गं. तू असतीस तर आम्हा तिघांनाही झापलं असतंस.

डोळे पुसून सासूबाई म्हणाल्या, "मंग लिव. गेली आसं लिव, लपवू नको. पन आमच्या घरची होती आसं पन लिव. नुसती कंपनीची नवती ती."

संतोषभाऊ म्हणाला, "आई म्हनते तसंच लिहा ताई."

आज सकाळी लवकर येऊन मी ते लिहिलं. मला तुझ्याइतकं धीट इंग्रजी येत नाही, माझं व्याकरण शुद्ध असतं आणि त्यात जीव नसतो, तू म्हणायचीस. तरी लिहिलं. वनिता आजारी होती. ती आता आपल्यात नाही. ती शेवटपर्यंत आमच्या डिस्पॅचची होती, आणि वैशाखऱ्यातल्या तिच्या घरची होती. तिचं काम आता मी बघते आहे, रंजना. साहेबांचा नियम मोडला नाही, तीन ओळींतच बसवलं. दुसरी तारीख रिकामी ठेवली. तुझ्याशी त्यावर भांडायला मला आवडलं असतं.

लावल्यावर ते चालतं का, हे बघायला आपण एकमेकींना एक मेल टाकायचो. मी माझ्या टेबलाशी जाऊन तुला टाकला. उत्तर लगेच आलं. तुझं नाव ठळक अक्षरांत, सगळ्यात वर. मी वाचायच्या आधीच मागे वळून पाहिलं, सवयीने. मग वळून बसले आणि वाचलं. बरोबर होतं.

दुपारपर्यंत लोकांची उत्तरं यायला लागली. गुजरातच्या रंगवाल्याने मला फोन करून विचारलं, त्या मोठ्याने हसणाऱ्या बाई का? पीटरने दोनच ओळी लिहिल्या. त्यांच्या घरी माझा नमस्कार सांगा, आणि यंदा पीक कसं आलं ते कुणी मला कळवेल का? कळवते, असं मी लिहिलं. संतोषभाऊला विचारून कळवीन. साहेबांनी स्वतः एक मेल तुझ्या पत्त्यावर टाकला होता, काही न लिहिता, कोरा. तुझ्या इनबॉक्समध्ये दिसला मला. उत्तर कसं येतं हे बघायला टाकला असेल, किंवा आणखी कशासाठी. मी त्यांना विचारलं नाही.

चारच्या सुमाराला गेटवरून फोन आला, गाडी आली आहे, माल भरून झाला, कागद द्या. मी चलन आणि पॅकिंग लिस्ट घेऊन खाली गेले. ड्रायव्हर नवा नव्हता, तुला ओळखणारा, नाशिककडचा. तो मधले काही महिने दुसऱ्या लाइनवर होता. इंजिन चालू ठेवून खिडकीतून वाकला.

"मॅडम नाहीत का आज? त्यांच्याकडनं सही घेतो मी."

दिवसभर ते शब्द मशीन माझ्या वतीने पाठवत होतं. शुद्ध इंग्रजीत, न थांबता, जो विचारेल त्याला. माझ्या तोंडाने मी ते अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नाहीत," मी म्हणाले. "वनिता मॅडम गेल्या. आजारी होत्या."

मग त्याने हात पुढे करून इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. गेटवरचा वॉचमनही उठून उभा राहिला. नंतर मी कागद पुढे केले, तुझ्या रकान्यात माझी सही केली, आणि तो म्हणाला, "येतो, मॅडम."

"सावकाश जा," मी म्हणाले, आणि गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत तिथेच उभी राहिले.